पाटाच्या काठाकाठाने

कालव्याच्या काठाने दिवसभर रमतगमत सायकल चालवणे हा फ्रान्समधल्या लोकांचा सुट्टीचा आवडता कार्यक्रम आहे. आमच्याकडे तेच काम पाटकऱ्याच्या नोकरीचा भाग होते आणि त्याबद्दल त्याचा हेवा करावा असे कधी कुणाला वाटले नाही. वास्तविक कालवे बांधणाऱ्यांनी ही सोय आपल्यासाठीही करून ठेवली आहे. मोठ्या कालव्याच्या भरावावरून खात्याच्या जीपगाडीसाठी एक कच्चा रस्ता नेलेला असतो. त्याला पाहणी रस्ता म्हणतात. त्यावर वाहनांची वर्दळ नसते, चढउतार जवळजवळ नसतो आणि पाळी चालू असेल तर शेजारून पाणी वाहत असते. मराठवाड्यात वाहते पाणी नजरेस पडणे ही काही रोजची गोष्ट नव्हे. तरीही हौसेने या रस्त्यावर जाणारा माणूस विरळा.

अशाच एका जानेवारीत रब्बीची पाळी सुटल्याचे कळले, तेव्हा मी आणि माझे एक स्नेही असे दोघे निघालो. स्नेही निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना सारे गुरुजीच म्हणतात. दोघांचीही साठी उलटलेली. नांदेडहून अर्धापूर वीस किलोमीटरच्या आतबाहेर, पण आसना नदीच्या पुलापासून पुढे ट्रकांच्या रांगेत सायकल घालणे या वयात शहाणपणाचे नव्हे. तेव्हा सायकली टेम्पोत टाकल्या, अर्धापूरला उतरवून घेतल्या, केशवराजाच्या देवळाच्या दिशेने हात जोडले, टपरीवर चहा घेतला आणि आठाच्या सुमारास कालव्याच्या भरावावर चढलो.

हा कालवा ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचा. लोकांच्या भाषेत इसापूरचा. धरण तिकडे वर, यवतमाळ आणि हिंगोली जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगेवर आहे. त्याचा उजवा कालवा हिंगोली जिल्ह्यातून वाट काढत नांदेड जिल्ह्यात उतरतो. ‘उतरतो’ हे आपले म्हणायचे. सायकलवर बसल्यावर उतार असा जाणवतच नाही. किलोमीटरमागे साधारण वीतभर उतार द्यायचा, त्याहून अधिक दिला तर पाणी तळ खरवडते आणि त्याहून कमी दिला तर गाळ बसतो, असे हे नाजूक गणित असते. त्यासाठी कालव्याला टेकडी आली की वळसा घालावा लागतो, नाला आला की त्याच्यावरून जलसेतू न्यावा लागतो. नकाशावर कालवा वेडावाकडा दिसतो तो यामुळे. सायकलवाल्याला मात्र त्याचा फायदाच. पायांना श्रम नाहीत आणि दर वळणाला नवे शिवार समोर येते.

फ्रान्समधला प्रसिद्ध कालवा म्हणजे दक्षिणेतला ‘कनाल द्यु मिदी’. तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राकाठच्या खाडीपर्यंत तो सुमारे २४० किलोमीटर जातो. १६६६ मध्ये, म्हणजे शिवाजी महाराज आग्र्याला गेले त्या वर्षी, त्याला राजाज्ञा मिळाली आणि १६८१ मध्ये तो खुला झाला. तो बांधणारा प्येर-पोल रिके हा मुळात अभियंता नव्हे. मिठावरचा कर गोळा करण्याचा त्याचा मक्ता होता. आयुष्यभर हिशेबाच्या वह्यांत बसलेल्या माणसाने असे काही करावे याचे मला फार अप्रूप वाटते. डोंगरातले झरे अडवून त्यांचे पाणी कालव्याच्या सर्वांत उंच जागी आणायचे आणि तिथून ते दोन्ही बाजूंना उतरवायचे, ही त्याची युक्ती. त्याने स्वतःची मालमत्ता या कामात ओतली आणि कालवा खुला होण्याच्या काही महिने आधी, १६८० मध्ये, मोठे कर्ज मागे ठेवून तो वारला.

तो कालवा बांधला तो होड्यांसाठी. माल इकडून तिकडे न्यायचा हे त्याचे काम. होड्या ओढणारे घोडे ज्या वाटेने चालत, ती वाट आता सायकलवाल्यांना मिळाली. मालवाहतूक रेल्वेने आणि रस्त्यांनी नेली; मागे राहिले शांत पाणी, दुतर्फा जुनी झाडे आणि पर्यटक. १९९६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्या झाडांनाही २००६ पासून बुरशीचा रोग लागला आहे आणि हजारो झाडे तोडून नवी लावावी लागत आहेत. सुखाच्या वाटेलाही चिंता असतेच.

आमचा कालवा माल नेत नाही. पाणी हाच त्याचा माल. होडीला पाण्याची पातळी टिकायला हवी असते, तर आमच्याकडे प्रत्येक विमोचकापाशी पाणी कमी होत जावे यासाठीच सारा खटाटोप. त्या कालव्याच्या काठाने जाताना शेवट कुठे आहे याची काळजी करावी लागत नाही. शेवटी समुद्र आहे. आमच्या कालव्याच्या शेवटी काय आहे हा प्रश्न मात्र त्या दिवशी जसजशी सायकल पुढे गेली तसतसा मोठा होत गेला.

सकाळ सुंदर होती. पाण्यावर धुके होते. काठाला बाभळी, सुबाभळी आणि जागोजागी माजलेले बेशरम. विजेच्या तारेवर खंड्या बसलेला, काठावर बगळ्यांची हजेरी. पुलाजवळच्या पायऱ्यांवर धुणे चालले होते. एक म्हातारा गृहस्थ म्हशी पाण्यात घालून स्वतः उन्हाला बसला होता. खाली दोन्ही अंगांना केळीच्या बागा. अर्धापूरची केळी उत्तर भारतापर्यंत जाते. एका बागेत घड उतरवण्याचे काम चालू होते. खांद्यावर घड घेऊन माणसे बांधावरून ओळीने येत होती आणि ट्रकात केळीच्याच पानांची गादी अंथरलेली होती. केळीच्या पलीकडे हळद. तिची पाने पिवळी पडू लागली होती. महिना-दीड महिन्यात ती काढायला येणार आणि शिजवण्याच्या कढया पेटणार. गुरुजी म्हणाले, ‘‘हा मराठवाडा आहे असे पाहुण्याला सांगितले तर त्याला खरे वाटणार नाही.’’

एका गेटापाशी पाटकरी भेटला. खांद्यावर उपरणे, हातात गेट फिरवायची लोखंडी कळ. आम्हा दोघांना टोप्या घालून सायकलवर येताना पाहून तो सावरून उभा राहिला.

‘‘साहेब, कुठल्या खात्याकडून आलाव?’’

‘‘कुठल्याच नाही. हिंडायलोय.’’

‘‘हिंडायलाव? पाटावर?’’ त्याला हसू आवरेना. मग त्याने डब्यातली अर्धी भाकर पुढे केली.

त्याच्याकडून कळले की त्याच पहाटे या गेटातून एका वितरिकेला पाणी सोडले आहे. कालव्यातले पाणी साधारण माणसाच्या चालीने चालते, लहान चारीत त्याहूनही हळू. कोरड्या चारीत तर आधी जमीन पिते आणि मग पाणी पुढे सरकते. ‘‘सायकलीनं निघालाव तर पाण्याच्या पुढं जाताव बघा,’’ तो म्हणाला. पाण्याच्या पुढे जाण्याची ही कल्पना गुरुजींना इतकी आवडली की मुख्य कालवा सोडून आम्ही त्या वितरिकेच्या काठाने वळलो.

तासाभराने खरोखरच पाण्याचे तोंड गाठले. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांना सांगतो, ते मोठे मजेदार असते. पुढे वाळलेली पाने, काटक्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि तपकिरी फेस यांची एक झालर सरकत येते. तिच्यापुढे किडे-मुंग्या पळत असतात आणि त्यांच्यावर टपलेले बगळे चारीच्या तळाशी पावले टाकत मागे मागे सरत असतात. भेग आली की पाणी थांबते, ती भरून काढते आणि मग पुढे निघते. आम्ही थोडा वेळ त्याच्याबरोबर चाललो, मग त्याला मागे टाकून पुढे गेलो.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. निजामाच्या राज्यात मोठे कालवे झालेच नाहीत असे नाही. नवाब अली नवाज जंग या अभियंत्याच्या देखरेखीखाली १९३१ मध्ये निजामसागर पूर्ण झाला. तो ज्या नदीवर बांधला ती मांजरा. बीड जिल्ह्यात उगम पावून, लातूर जिल्ह्याच्या शिवारांना लागून वाहत ती तेलंगणात जाते. तिच्या पाण्यावर निजामाबादकडची भातशेती आणि बोधनचा ऊस उभा राहिला. आमच्या बिलोली-धर्माबादच्या लोकांना सीमेपलीकडचे ते हिरवेपण दिसत असे. नदीचा वरचा भाग आमच्याकडे आणि कालवा त्यांच्याकडे, अशी वाटणी होती.

मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि पुढे महाराष्ट्र झाला, तेव्हा पाण्याचा अनुशेष हा इथल्या राजकारणाचा मुख्य विषय होणे स्वाभाविक होते. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरण राष्ट्राला अर्पण झाले. नांदेडचे राजकारणी शंकरराव चव्हाण पाटबंधारे मंत्री म्हणून आणि पुढे १९७५ पासून मुख्यमंत्री म्हणून या कामांच्या मागे होते. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या जलाशयाला त्यांचेच नाव आहे. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा. त्या पिढीला हे आकडे तोंडपाठ असत आणि ते म्हणताना आवाजात अभिमान असे. तो रास्तच होता.

पण लांबीचा आकडा हा कालव्याचा आकडा आहे, पाण्याचा नव्हे. मी बँकेत होतो, त्यामुळे मला हा फरक सातबाऱ्यावरून कळे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘पाटस्थळ’ असा एक शब्द असतो. पाटाच्या पाण्याने भिजणारी जमीन ती पाटस्थळ. हा शब्द दिसायला साधा, पण वजनदार. पीककर्जाची एकरी मर्यादा बागायत पिकाला वेगळी आणि जिरायत पिकाला वेगळी. कमाल जमीन धारणेच्या कायद्यात १९७५ नंतर कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर, तर बारमाही हमखास पाण्याच्या जमिनीची १८ एकर. जमीन लाभक्षेत्रात आली की धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी तिच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध येत. म्हणजे पाणी येण्याच्या आधी त्याचे नियम शेतात पोचत. पाणी पोचते की नाही हे मात्र उताऱ्यावर लिहिण्याची पद्धत नाही. शेतकरी समोर बसून सांगे, ‘‘साहेब, कागदावर पाट हाय, रानात न्हाई.’’ कागद पाहणाऱ्याला कागदच पाहावा लागतो; रान पाहायला सायकल लागते.

दुपारी आम्ही जे पाहिले ते असे. गेटापासून पहिले दोन-तीन किलोमीटर केळी. मग ऊस. मग गहू. त्यानंतर हरभरा, आणि हरभऱ्याच्या पुढे ज्वारी आणि वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या. कुणी मुद्दाम चित्र काढून दाखवावे तशी पिके उतरत गेली. नकाशावर हे सारे शिवार एकाच रंगाने रंगवलेले असते. पुढे पुढे चारीही बदलली. काँक्रीटचे अस्तर तडकून त्याच्या फळ्या आत कोसळल्या होत्या. हा दोष पुष्कळसा आमच्या काळ्या मातीचा. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्या या श्वासाने काँक्रीट फुटते. त्यासाठी अस्तराखाली मुरमाचा जाड थर द्यावा लागतो. तो खर्च करावा लागतो आणि नंतर निगाही राखावी लागते. काही ठिकाणी चारीत पाणकणीस डोक्याएवढे वाढले होते. काही ठिकाणी काठावरून रबरी नळ्या आत सोडलेल्या होत्या. त्या नळ्यांच्या मालकांना चोर म्हणणे सोपे आहे. पण वर्षभर उभ्या राहणाऱ्या केळीला डोळ्यांदेखत सुकू देणे ज्याला जमेल, त्यानेच पहिला दगड उचलावा. पाणी जवळ असले की तहान वाढते. डोक्याकडच्या माणसाने गव्हाऐवजी केळी लावली, तेव्हा त्याने कायदा मोडला असे त्याला वाटले नाही आणि शेपटाकडच्या माणसाचा हरभरा त्यात कमी झाला हे त्याला दिसले नाही. तो तिकडे कधी गेलेलाच नसतो.

वितरिकेच्या जवळजवळ शेवटी, जिथे चारी आणि साधा ओघळ यांत फरक राहिलेला नव्हता, तिथे बांधावर एक बाई बसली होती. पन्नाशीच्या आसपासची. शेजारी फावडे, बॅटरी आणि कापडात बांधलेली भाकरी. रात्र काढायच्या तयारीने आलेली दिसत होती. आम्हाला पाहताच ती उठली.

‘‘दादा, वरून आलाव का?’’

‘‘हो ताई.’’

‘‘पाणी कुठवर आलंय?’’

आम्ही ज्या ठिकाणी पाण्याला मागे टाकले होते ती खूण सांगितली. मोठ्या चिंचेच्या अलीकडे, मोडक्या मोरीपाशी. तिने मनाशी हिशेब केला. चिंच ते मळा, मळा ते ओढा, ओढा ते हा बांध. ‘‘म्हंजी दिस बुडायला यावं,’’ ती म्हणाली, ‘‘मधी कुणी धरलं न्हाई तर.’’ तिचा तीन एकर हरभरा फुलात होता. फुलात असताना एक पाणी मिळाले तर घाटे भरतात आणि तेच नेमके चुकले तर पीक अर्ध्यावर येते. नवरा गावात गेला होता, वरच्या कुणाला तरी फोन लावायला. इथे रेंज नाही. ‘‘फोनवर समदे म्हंत्यात, निघालंय. निघालंय खरं, पर कुठवर आलंय ते कुणी सांगत न्हाई. तुमी डोळ्यानं बघून आलाव.’’

दिवसभरात आम्ही केलेले एवढेच काय ते उपयोगाचे काम.

पाण्याच्या वाटपाचे शास्त्र आपल्याकडे नाही असे नव्हे. शेजपाळीच्या पद्धतीत पाणी आधी शेपटाला द्यावे आणि मग एकेक शेत वर चढत डोक्याकडे यावे असा नियम आहे. ज्याने तो प्रथम केला, त्याला माणसाचा स्वभाव चांगला कळत असला पाहिजे. डोक्याकडचा माणूस शेवटी भिजतो, म्हणून शेपटापर्यंत पाणी लवकर जावे यात त्याचाही स्वार्थ राहतो. नियम पाळला गेला तर. तो पाळून दाखवलेली माणसेही महाराष्ट्रातच आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणावर १९९० च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था सुरू केल्या. त्यांनी सुरुवात केली ती शेपटाकडून. ज्यांना पाणी मिळत नव्हते त्यांच्यापासून. पाणी मोजून घ्यायचे, त्याची पट्टी भरायची आणि आपसात वाटायचे. पुढे साऱ्या धरणाचे सिंचन शेतकऱ्यांच्या हाती आले. २००५ मध्ये राज्याने अशा संस्थांसाठी स्वतंत्र कायदाही केला. कायदा सगळीकडे पोचला, तसे पाणीही पोचावे एवढेच बाकी आहे.

आमच्या शेजारच्या लातूरने तर शेपटाला असणे म्हणजे काय याचा अनुभव अख्ख्या शहराने घेतला. मांजरा प्रकल्पाचा धनेगावचा जलाशय आटला आणि २०१६ च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास करून दहा वाघिण्यांची गाडी ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. त्या दिवसांत लातूरचा प्रत्येक माणूस सकाळी उठून एकच चौकशी करी. गाडी कुठवर आली? बांधावरच्या त्या बाईचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच. फरक इतकाच की शहर तहानले तेव्हा देशभरातले कॅमेरे आले, आणि चारीच्या शेवटी बसलेल्या माणसाकडे कॅमेरा जात नाही.

परतताना ऊन कलले होते. ओढ्याच्या अलीकडे आम्हाला पाण्याचे तोंड पुन्हा भेटले. सकाळचा जोर त्यात राहिला नव्हता. झालर बारीक झाली होती, बगळे निघून गेले होते, पण पाणी चालत होते. गुरुजींनी सायकल लावली आणि वाटेत अडकलेला पाचोळ्याचा एक ढीग काठीने बाजूला केला. पाणी हातभर पुढे सरकले. तिचा हिशेब दिवस बुडायचा होता. आमच्या अंदाजाने मध्यरात्र उलटणार होती.

कालव्याकाठचे रस्ते चांगले करावेत, झाडे लावावीत, शहरातल्या लोकांनी तिकडे फिरायला जावे असे मला मनापासून वाटते. फ्रान्ससारखी गर्दी नको, पण शाळांच्या सहली जायला काय हरकत आहे? शिक्षकांनी मुलांना धरणाच्या भिंतीवर नेऊन फोटो काढण्याऐवजी एखाद्या पाळीच्या दिवशी गेटापासून शेपटापर्यंत सायकलवर न्यावे. भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र असे तिन्ही तास त्यात होतील. आणि दरवर्षी कालवा सल्लागार समितीची बैठक भरते, तिथे किती दशलक्ष घनमीटर पाणी सोडले हा आकडा वाचून दाखवतात. तो जरूर वाचावा. फक्त त्या आधी सभागृहातल्या कुणीतरी उठून, त्या बाईने आम्हाला विचारला तेवढा एक प्रश्न विचारावा आणि डोळ्यांनी पाहून आलेल्या माणसाने त्याचे उत्तर द्यावे. पाणी कुठवर आले आहे?